दुसरा पेसर

आधीच सांगून टाकतो... भूत, आत्मा, बाहेरचं वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हे लिहितानाही आहे असं म्हणवत नाही. मी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात बत्तीस वर्षं काढली. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, हे लिहायचं एवढंच माझं काम. गेटमधून आला तो हजर, नाही आला तो गैरहजर. मधलं काही नसतं. या सदरातले इतरांचे अनुभव मी वाचतो, पण वाचताना डोक्यात हेच येतं — वेळ काय झाली होती? दुसऱ्या कोणी पाहिलं का?

म्हणून माझा अनुभव सांगताना वेळा नीट देतो. पाहणारेही होते. फक्त पाहणाऱ्यांत मी नव्हतो... तीच तर अडचण आहे.

गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यातली. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आम्ही रुआबांध्याला राहायचो, म्हणजे मी आणि माझी बायको कमल. मूलबाळ नव्हतं. दोघांचीही गावं भंडाऱ्याकडची. कमलचा धाकटा भाऊ वसंता कोहक्याला खोली घेऊन राहायचा, प्लांटच्या कोक ओव्हन विभागात होता. आईबाप लवकर गेल्यामुळे त्याला कमलनेच वाढवलं. प्लांटमध्ये त्याला सगळे ओळखायचे ते पळण्यामुळे. लांब पल्ल्याचं पळणं. पाच मैल, दहा मैल पळून झाले की त्याचा चेहरा उजळायचा.

त्या वर्षी पावसाळ्यात कमलला कावीळ झाली. हॉस्पिटलात ठेवलं. वसंता स्पर्धेसाठी जबलपूरला गेला होता. सोमवारी सकाळी कमल म्हणाली, "वसंताले बोलवा." डॉक्टर म्हणाले होते की आठवड्यात उतार पडेल. वसंताने वर्षभर त्या स्पर्धेची तयारी केली होती. मी म्हटलं, चार-पाच दिवसांनी तो येणारच आहे. मंगळवारी ती परत म्हणाली. मी "हो" म्हटलं आणि तार केली नाही. बुधवारी ती बोलेनाशी झाली, तेव्हा पोस्टात गेलो. गुरुवारी पहाटे ती गेली. वसंता दुपारी पोचला. शिवनाथ नदीकाठच्या स्मशानातून आम्ही परत येत होतो तेव्हा तो रस्त्यात भेटला, हातात बॅग घेऊन.

मी रडलो नाही. पुढेही रडलो नाही. लोकांना वाटायचं, धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हता. दात घासायचो, डबा न्यायचो, रजिस्टर लिहायचो. जेवताना भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही. एकदा इस्त्रीचा चटका बसला, तो वास आल्यावर कळला. वसंताने पळणं सोडलं. "मी पळत होतो आन ताई तिकडं..." एवढंच तो म्हणायचा, आणि मी गप्प राहायचो. दोन दिवसांचं मी त्याला सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर एक दिवस तो स्कूटरवरून आला आणि दारातूनच म्हणाला, "भाऊजी, मले पेसर पायजे."

"म्हंजे काय?"

राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणींकडे डोंगरातून चाळीस मैल पळायचं ठरत होतं. खाणीकडचे एक देशमुख साहेब होते, त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचून हे काढलं होतं. नाव नाही, कप नाही. वीस मैलांची एक फेरी, अशा दोन फेऱ्या, जंगलातल्या पायवाटेने. सूर्य मावळायच्या आत परत यायचं, साडेपाच ही शेवटची वेळ. दुसऱ्या फेरीत थकलेल्या माणसासोबत एक जण चालू शकतो, तो पेसर. एकच. त्याने हात द्यायचा नाही, सामान उचलायचं नाही, फक्त वेळ सांभाळायची.

"तुमच्यावानी वेळ कोण सांभाळते भिलाईत?" वसंता म्हणाला. "तुमाले वीस मैल झेपन. मी शिकवतो."

मी बेचाळीस वर्षांचा होतो. हो म्हणायला कारण नव्हतं, नाही म्हणायलाही नव्हतं. मी हो म्हटलं.

भिलाई म्हणजे सपाट तवा. चढ कुठून आणायचा? मग आम्ही मरोद्याच्या टँकचा, म्हणजे तलावाचा, बांध धरला. वसंता पहिली शिफ्ट करून कोहक्याहून पळत यायचा, बांध चढायचा, उतरायचा, परत चढायचा. मी सुरुवातीला खाली बसून घड्याळ लावायचो. मग मागे मागे चालायला लागलो. मग पळायला. टाइम ऑफिसच्या जुन्या हजेरीच्या कागदांच्या पाठीवर मी तक्ता केला — चढाला किती पावलं, मिनिटाला किती, कितीव्या मिनिटाला गूळ, कितीव्याला मीठ-पाणी. वसंता माणूस म्हणून चांगला, पण त्याची चाल हट्टी. अंगात जोर असला की मिनिटाला एकशे दहा पावलं टाकायचा, दम लागला की ऐंशी. सारखी चाल त्याला कधीच जमली नाही. मी ओरडायचो, "चढावर पळू नोको! चढावर चाल, हात मांडीवर ठेव!" तो हसायचा. कमल गेल्यावर तो पहिल्यांदा हसला तो तिथे, बांधावर.

रविवारी दुर्गहून पॅसेंजरने राजहऱ्याला जायचो. तिथली माती लाल. घरी येऊन मोजे धुतले की मोरी लाल व्हायची. उतारावर लहान पावलं कशी टाकायची, गुडघे कसे वाचवायचे, हे तिथे शिकलो. पहिल्या वेळी मी जोरात पळालो आणि सालाच्या झाडाखाली ओकलो. वसंताने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं आता सांगावं. नाही सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी सव्वासहाला सतरा जण निघाले. खाणीजवळच्या एका शाळेचं मैदान, चुन्याची रेघ, देशमुख साहेब हातात शिट्टी घेऊन. वसंता अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिली फेरी पुरी करून आला. ओठ पांढरे पडले होते, पण चाल ठीक होती. मी कॅनव्हासचे जोडे घट्ट केले आणि त्याच्या सोबत निघालो.

पहिली चौकी सहाव्या मैलावर, जंगलखात्याच्या नाक्यापाशी. तिथे साहूजी म्हणून खाणीतले एक क्लार्क वही घेऊन बसले होते. बारा वाजून बावन्न. वसंता पाणी पीत होता तेव्हा साहूजींनी तिसरा पेला भरला.

"दो बस," मी म्हटलं.

त्यांनी वाटेकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "अच्छा, वो नहीं लेंगी?" असं काहीतरी पुटपुटून वहीत लिहिलं. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष घड्याळात होतं.

तिथून पुढे मोठा चढ. सहा मैल. वाट एका माणसापुरती, दोन्हीकडे साल आणि तेंदू. पेसरने पुढे राहायचं असतं, पण पहिल्याच वळणावर माझा दम गेला. वसंता पुढे निघून गेला. मी दहा-पंधरा पावलं मागे. त्याची मान खाली, टोपी डोळ्यांवर ओढलेली. मी मागून त्याची पावलं मोजायला लागलो. शहाण्णव. पुढच्या मिनिटाला शहाण्णव. त्याच्या पुढच्याला शहाण्णव. मला वाटलं घड्याळ बंद पडलं. कानाला लावून पाहिलं, चालू होतं. दगड आले, मुळं आली, चढ खडा झाला... शहाण्णव. बांधावर त्याच्या शेकडो फेऱ्या मी मोजल्या होत्या. इतकं सारखं तो कधीच चालला नव्हता. खरं सांगायचं तर कोणीच चालत नाही.

नवव्या मैलाच्या आसपास वाट फुटते. तिथे झाडाला चुन्याची खूण असायला पाहिजे होती. गुरं घासून गेली असतील, खूण पुसलेली. मी नकाशा काढायला थांबलो आणि ओरडलो, "थांब वसंता, पाहू दे!" तो थांबला नाही. मान वर न करता उजवीकडे वळला आणि त्याच चालीने गेला. मी चिडून त्याच्या मागे पळालो. दोनशे पावलांवर पुढची खूण दिसली, वाट बरोबर होती. त्या दिवशी दोघे जण तिथून डावीकडे गेले आणि संध्याकाळी भलत्याच गावाला निघाले. खाणीच्या ट्रकने त्यांना आणावं लागलं.

डोंगराच्या माथ्यावर दुसरी चौकी. दोन वाजून सदतीस. तिथे खाणीतला एक कामगार वही सांभाळत होता आणि त्याची बायको बिसाहिन माठातून पाणी देत होती. पाणी देता देता तिने मला विचारलं, "बाई ह पानी नइ पियय का?"

"कोण बाई?"

तिने हनुवटीने उताराकडे दाखवलं. "आघू म रिहिस न... तुंहर संग के." तुमच्या सोबतची, पुढे होती ती.

मी उताराकडे पाहिलं. लाल वाट होती, ऊन होतं. लाकडं गोळा करणाऱ्या बाया जंगलात फिरतच असतात. मी म्हटलं, "आमच्या सोबत कोणी नाही," आणि घड्याळ पाहिलं. वसंता तोवर निघाला होता.

उतारावर त्याची चाल मोडली. पाय वेडेवाकडे पडायला लागले, पोटऱ्यांत गोळे आले. चौदाव्या मैलाला नाला लागतो, तिथे तो पाण्यात पाय सोडून दगडावर बसला. तीन वाजून आठ मिनिटं.

"बस भाऊजी. आता नाई होत."

सहा मैल राहिले होते, आणि वेळ दोन तास बावीस मिनिटं. हिशेब जमत होता. पेसरने अशा वेळी काही चांगलं बोलायचं असतं. मी आत शोधलं, काही सापडलं नाही. जे तोंडातून निघालं ते हे —

"वसंता, कमलनं तुले सोमवारीच बोलावलं होतं. मंगळवारी बी. मी तार बुधवारी केली."

तो मोजे पिळत होता. पिळत राहिला.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

"कोणं सांगतलं?"

"कोणं सांगाले कायले पायजे? तारीवर तारीख रायते, भाऊजी. आन हॉस्पिटलातली नर्सबाई म्हणे, पेशंट सोमवारपासून वसंता वसंता करून राहिली होती."

नाल्याचं पाणी वाहत होतं. मी उभाच होतो.

"मंग मले कावून घेतलं सोबत?"

त्याने पिळलेले मोजे दगडावर झटकले. मग म्हणाला, "राग आला होता. लय आला होता. दोन महिने तुमच्या दारावरून स्कूटर नेली नाई. मंग वाटलं, ताईचं म्हणून आता आपण दोघंच तं हावो इथं. तुमाले बी सोडलं तं मी कोणाशी ताईचं बोलू?"

मोजे घातले, जोडे बांधले, आणि त्याने हात पुढे केला. पेसरने हात द्यायचा नाही असा नियम होता. मी दिला. वाचकांना वाटेल की मला मोकळं वाटलं असेल, डोळे भरून आले असतील. नाही. त्याचा हात ओला आणि गार होता, एवढंच आठवतं.

मैदानावर आम्ही पाच वाजून अकरा मिनिटांनी पोचलो. सतरापैकी सहा जण वेळेत आले, त्यात वसंता चौथा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वसंता व्हरांड्यात बादलीत पाय टाकून बसला. तेवढ्यात जीपने चौक्यांच्या वह्या आल्या आणि देशमुख साहेबांनी मला बाजूला बोलावलं.

"नियम माहीत होता ना तुम्हाला? पेसर एकच."

"एकच होता. मी."

त्यांनी साहूजींची वही पुढे केली. वसंताचा नंबर, बारा बावन्न, आणि शेवटच्या रकान्यात — पेसर २. मग दुसरी वही. दोन सदतीस. पेसर २. दोन चौक्यांमध्ये सहा मैलांचा डोंगर. ना फोन, ना वायरलेस.

"साहू एकटा असता तर मी चूक म्हटलं असतं," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. साहूजी जीपजवळच उभे होते. मी त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "भैया, जितने देखे उतने लिखे. एक लेडीज थीं आगे-आगे, ये उनके पीछे, आप सबसे पीछे."

मी आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी लिहिली होती. वहीत चुकीचं लिहिलं की माणूस कसा तडफडतो ते खिडकीतून पाहिलं होतं. त्या दिवशी मी खिडकीच्या बाहेर होतो. मी साहेबांशी वाद घातला, शपथ घेतली. शेवटी त्यांनी वसंताच्या नावावर रेघ मारली. चाळीस मैल पळूनही त्याचा नंबर निकालात धरला नाही.

मी व्हरांड्यात येऊन म्हटलं, "तू जाऊन बोल ना! बोलत कावून नाई?"

वसंता बादलीतल्या लाल पाण्याकडे पाहत होता. "भाऊजी, मोठ्या चढावर तुमी कुठं होते?"

"मागं. दहा-पंधरा पावलं."

"पूरा टाइम?"

"पूरा टाइम."

त्याने व्हरांड्यात कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मी तं तुमच्या मागं चाललो. मान वर होत नव्हती, टोपी खाली होती. समोर फक्त टाचा दिसत होत्या. त्या पडल्या का मी पाय टाकाचो. त्या वळल्या तिथं मी वळलो." त्याने बादलीतला एक पाय वर काढला. "मले वाटलं, तुमी जोडे काढले."

मी माझ्या पायांकडे पाहिलं. कॅनव्हासचे जोडे, नाड्या लाल मातीने कडक झालेल्या. सकाळपासून मी ते काढले नव्हते.

"राहू द्या भाऊजी," वसंता म्हणाला. "लिहिलं ते लिहिलं. मी नाई बोलत."

पुढच्या रविवारी मी एकटाच राजहऱ्याला गेलो. डोंगर चढून बिसाहिनला भेटलो. ती दिवसा तिथेच जवळ लाकडं तोडायला यायची. तिने तेच सांगितलं. लुगडं नेसलेली बाई, पायात काही नाही, भरभर चालत होती, थांबली नाही. वय? सांगता नाही आलं. लुगड्याचा रंग? झाडांच्या सावलीतून गेली, नीट दिसला नाही. चेहरा? "मुँह नइ देखेंव," ती म्हणाली. मागे वळलीच नाही तर चेहरा कसा दिसणार? साहूजींनीही चेहरा पाहिला नव्हता.

तेव्हा ती कमल होती असं कोणीच म्हणालेलं नाही. मीही म्हणत नाही. इतक्या वर्षांत मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला आहे. वसंताच्या अंगातलं पाणी कमी झालं होतं, अशा वेळी माणसाला काहीबाही दिसतं, हे पुढे एका डॉक्टरने सांगितलं. पटतं. गावातली एखादी बाई त्याच वाटेने चालली असेल, हेही होऊ शकतं. पण मग मी? मी मागे पंधरा पावलांवर होतो. दिवसाढवळ्या, भर उन्हात. माझ्यासमोर वसंताची पाठ होती आणि पाठीच्या पुढे वाट. पावणेदोन तास मी डोळे उघडे ठेवून त्या वाटेकडे पाहत होतो. तिथे कोणी नव्हतं. साहूजींना दिसली, बिसाहिनला दिसली, वसंताला निदान टाचा तरी दिसल्या. ज्याला दिसायला पाहिजे होती त्याला काही नाही... साधा वारासुद्धा अंगाला लागला नाही. अंगावर काटा वगैरे येतो म्हणतात. मला तोही आला नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही. कोणाकडे असेल तर जरूर कळवा.

कमल आणि मी चौदा वर्षं एका घरात राहिलो. घरात ती अनवाणीच असायची. सकाळी माझ्या पुढून चहा ठेवायला जायची, संध्याकाळी अंगणात पाणी टाकायची. तिच्या टाचा कशा होत्या, भेगाळलेल्या की साफ, हे मला आठवत नाही. खूप वेळा डोळे मिटून आठवून पाहिलं. फोटोत टाचा येत नाहीत.

वसंताला माहीत असणार. त्याचं सगळं लहानपण तिच्या मागे मागे चालण्यात गेलं. तो आता नागपूरला असतो, दर दिवाळीला येतो, आम्ही दोघं कमलबद्दल तासन् तास बोलतो. त्याने त्या दिवशी काय ओळखलं आणि काय नाही, ते विचारायला एक मिनिटसुद्धा लागणार नाही.

मी अजून विचारलेलं नाही.